कागद फॉरवर्ड होत नाही

मागच्या सोमवारी मी एका मुलीचं कौतुक केलं. एवढंच केलं... आणि तेवढं पुरलं.

मी नळदुर्गजवळच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. खिडकीबाहेर हायवे आहे, त्यामुळे तासातला अर्धा वेळ मी बोलते आणि अर्धा वेळ ट्रकचे हॉर्न. टीवायच्या पोरांना असाइनमेंट दिली होती... 'बिग डेटा, प्रायव्हसी आणि सोशल मीडिया : माझे विचार'.

विचार सगळ्यांनी आणले होते, फक्त 'माझे' कुणाचेच नव्हते. एकानं तर एआयनं शेवटी विचारलेलं 'आणखी काही मदत हवी आहे का?' हेसुद्धा सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं होतं. मी खाली लाल पेननं 'हो' लिहिलं.

मग एका मुलीची चार पानं हातात आली. तिला आपण सुमन म्हणू.

तिनं मोबाइलवर एकदाच पुण्यातली मुलींची हॉस्टेलं शोधली होती. दुसऱ्या दिवसापासून मोबाइल तिला हॉस्टेलच्याच जाहिराती दाखवायला लागला. तिचा मोठा भाऊ रोज संध्याकाळी तिचा मोबाइल चाळतो. त्यानं विचारलं, "हे पुण्याचे हॉस्टेल तुलाच कशापायी येतेत?" ही म्हणाली, "सगळ्यांनाच येतेत की." वेळ निभावली.

पुढं लिहिलं होतं : 'मी पुण्याला एमएस्सीचा फॉर्म भरलाय. घरी माहीत नाही. नंबर लागला की आधी आईला सांगेन. आपली गोष्ट कुणाला आधी सांगायची हे आपण ठरवायचं, यालाच मी प्रायव्हसी समजते. म्हणून हे हातानं लिहिलंय. कागद फॉरवर्ड होत नाही.'

वाचून डोळ्यांत पाणी आलं. आजकाल डोळ्यांत पाणी आलं की हात रुमालाकडं जायच्या आधी मोबाइलकडं जातो... माझाही गेला.

आमच्याकडं कौतुक मनात ठेवायची पद्धत नाही. कुणी तलाठी झाला तरी बॅनर, कुणाचा नुसता वाढदिवस असला तरी बॅनर. मी त्या चार पानांचे फोटो काढले आणि कॉलेजच्या ग्रुपवर टाकले. वर लिहिलं, 'आपली गुणी विद्यार्थिनी' आणि तिचं पूर्ण नाव, गावासकट. तीन फुलं, दोन टाळ्या. रोल नंबर मात्र बोटानं झाकला होता... प्रायव्हसी!

तुम्ही विचाराल, बाई, ते कागदाचं वाक्य तुम्ही वाचलं नव्हतं का? वाचलं होतं. दोनदा. वाक्य म्हणून मला ते फार आवडलं होतं.

दुपारपर्यंत फोटो तिच्या गावच्या ग्रुपवर पोचले. माजी सरपंचांनी हात जोडले, तिच्या भावानं अंगठा दिला. इथं आधी अंगठा देतात, मग वाचतात. संध्याकाळी त्यानं वाचलं.

मंगळवारी सुमन आली नाही. बुधवारीही नाही. मी पोस्ट काढून टाकली... म्हणजे माझ्या समाधानासाठी काढली. गुरुवारी स्कूटी घेऊन तिच्या घरी गेले.

मला शिव्या खायच्या होत्या, खरं सांगते. शिव्या मिळाल्या असत्या तर परत येताना जरा हलकं वाटलं असतं. पण भावानं खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला. म्हणाला, "मॅडम, तुमचे लई उपकार झाले. तुमी टाकलं म्हणून कळलं, न्हाय तर आमाला कुठला पत्ता लागतोय?"

मी अर्धा तास बोलले. मार्क सांगितले, पुण्यात राहणाऱ्या माझ्या बहिणीचं घर सांगितलं. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बघू." आमच्याकडं 'बघू' म्हणजे काय, ते इथल्या लोकांना सांगायला नको. मग म्हणाला, फॉर्म रद्द केलाय. पुढच्या आठवड्यात पाहुणे बघायला येणार आहेत. आई दाराशी उभी होती. जिला सगळ्यात आधी सांगायचं होतं, तिला सगळ्या गावानंतर कळलं होतं.

सुमन अंगणात हरभरा पाखडत होती. मी माफी मागितली. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"पोस्ट काढली का मॅडम?"

"काढली गं."

"आता किती जणांकडं आसंल?"

मी बिग डेटा शिकवते. युनिट तीन. डेटाचं आकारमान, वेग, विविधता. त्यात हा आकडा नाही.

पाखडता पाखडता ती म्हणाली, "मी कागदावर लिवलं होतं."

मी वर्षानुवर्षं पोरांना मोठमोठ्या कंपन्यांची भीती घालत आले. त्या तुमच्यावर नजर ठेवतात, तुमची माहिती विकतात... खरंच आहे ते. पण त्या कंपन्यांच्या जाहिरातींना सुमननं 'सगळ्यांनाच येतेत की' एवढ्या एका वाक्यात गप्प केलं होतं. तिनं विश्वासानं दिलेले कागद फुकट वाटले ते तिच्या मॅडमनं, कौतुकापोटी. त्याला कुठलं सेटिंग बदलायचं, ते मला अजून सापडलेलं नाही.

निघताना, निर्लज्जपणा बघा, मी तिला विचारलं, "हे सगळं मी लिहू का? नाव बदलून?" यावेळी निदान विचारलं तरी.

"लिवा की," ती म्हणाली. "आता कुणाला आधी सांगायचं राहिलंय?"

नाव बदललंय, गाव लिहिलेलं नाही. तरीही ही पोस्ट कृपया कुणाला पाठवू नका. मला ठाऊक आहे, पाठवताना आधी हीच ओळ उडवली जाईल...