वारा फिरला तेव्हा

आज सकाळी वारा फिरला आणि कारखान्याच्या चिमणीचा धूर पहिल्यांदाच टेकडीवरच्या मालकांच्या बंगल्याकडे वळला. मी मुद्दाम तिकडे फिरायला गेलो.

पूर्वी त्या कारखान्यातून कुजलेल्या कोबीसारखा वास यायचा. आम्ही गावकरी तक्रार घेऊन गेलो, तेव्हा मालकांनी तो वास मारणारा गंधकाचा वायू चिमणीत जाळायला सुरुवात केली. घाण वास गेला. पण गंधक जाळून नाहीसा होत नाही. तो हवेतला प्राणवायू घेऊन नवं रूप धरतो, ओलाव्यात मिसळतो आणि आम्ल होऊन छातीत उतरतो. माझ्या बायकोचा, सुलभाचा दमा त्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात बळावला आणि ती गेली.

मालक फाटकाशी तोंडाला रुमाल लावून उभे होते.

"काका, घसा नुसता जळतोय हो. कसला धूर आहे हा?"

"तुमचाच," मी म्हणालो. "आमची सुलभा रोज हाच श्वासात घ्यायची."

त्यांनी मान खाली घातली आणि त्यांना ढास लागली. मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. माझाही घसा जळत होता, तरी त्यांचा खोकला ऐकत मी तिथेच उभा राहिलो.