ओली वाटी

तिनं मावशींना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एक रिकामी वाटी खिडकीच्या उजेडात धरून, एक डोळा मिटून, सोनारानं खडा पारखावा तशी न्याहाळत होत्या. इस्पितळातली दूधखोली त्यांच्या ताब्यात. आया तिथं दूध काढून ठेवत, मावशी ते ज्या त्या बाळाकडे पोचवत आणि वाट्या स्वतः धुऊन वाफेवर ठेवत. त्यात दुसऱ्या कुणी हात घातलेला त्यांना खपत नसे. सगळे त्यांना वाटीमावशीच म्हणत.

ती शिवणकाम करणारी. बाळ दिवस भरायच्या आधीच आलं, काचेच्या पेटीत होतं, आणि आता त्याचं पोट फुगलं होतं. डॉक्टरीणबाईंनी पाजणं थांबवून औषधं सुरू केली. "फक्त आईचं दूध थेंब थेंब गालाच्या आतून लावू," म्हणाल्या. शेजारच्या बाईची बाटली काठोकाठ भरे. हिच्या वाटीचा तळही झाकत नसे. हिला मेल्याहून मेल्यासारखं होई. शेवटी तिनं ते थेंब गुपचूप मोरीत ओतले, वाटी विसळली आणि "आज काही आलं नाही, मावशी," म्हणत दाराकडे वळली.

"थांब गं. वाटी ओली कशी?"

"विसळली मी."

"रिकामी वाटी कुणी विसळतं का? खरं सांग, किती होतं?"

"चार थेंब. तेही पाणचट. त्यात कुणाचं पोट भरणार?"

मावशींनी कपाळावर हात मारला. "पोट भरायला मागितलंय कुणी! अगं, आईच्या दुधात एक साखर असते, ती बाळाला पचतच नाही."

"मग तिचा उपयोग काय?"

"जंतूंना फसवायला! मेले येतात आतड्याला चिकटायला. ही साखर दिसते आतड्याच्या अस्तरासारखी. तिलाच मिठी मारून बसतात आणि लंगोटातून बाहेर! डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा मलाही थट्टाच वाटली होती."

ती म्हणाली, "म्हणजे बटणाला खोटं काज."

"शिंपीण शोभतेस! आणि काजं टाकलीस मोरीत."

हसता हसता तिला रडू फुटलं. मावशींनी डोळे पुसायला पदर दिला, कोरडी वाटी दिली आणि स्वतः पाठमोऱ्या बसल्या. या वेळी दोनच थेंब आले. मावशींनी ती वाटी भरल्या घागरीसारखी दोन्ही हातांनी धरून नेली.

मग रोज तेच चाललं. बाळाचं पोट हळूहळू उतरलं, पाजणं पुन्हा सुरू झालं. औषधांनी की थेंबांनी, असं तिनं विचारलं, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोघांचाही हात लागला असेल. देव्हाऱ्यात मात्र एकालाच बसवू नका."

घरी निघताना सासूबाई वाटीकडे बघून म्हणाल्या, "आमच्या घराण्यात एवढ्याशा वाटीवर आजवर कुणाचं भागलं नाही हो!"

"याचंही नाही भागायचं आता," मावशी म्हणाल्या. "कढई घासून ठेवा."

तो मुलगा आता शाळेत जातो आणि डबा चाटूनपुसून आणतो. त्याची आई मावशींना दरवर्षी एक एप्रन शिवून देते, मोठ्या खिशाचा, आणि त्याची काजं मशीनवर न करता हातानं करते.

मावशी अजून त्याच खोलीत आहेत. गुडघे दुखतात, म्हणून हल्ली वाट्या स्टुलावर बसून धुतात.