सावरीखालची सहा अंडी

दुपारी झोपू नये म्हणतात. पण अक्कांचं तेरावं काल झालं, उरलेसुरले पाहुणे सकाळच्या एसटीनं गेले, आणि माझी पाठ आत्ता कुठं भुईला टेकतेय. म्हणणारे गेले खड्ड्यात. मी स्वयंपाकघरातच भिंतीशी आडवी होते. दाराबाहेर घमेल्यात सहा अंडी उन्हात पडलीत. उठले की ती उकिरड्यावर टाकायचीत.

इंदूअक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. त्यांच्या भाच्यानं पुण्याहून सिल्की कोंबड्यांची जोडी आणून दिली, तेव्हा अख्खी गल्ली बघायला लोटली होती. पिसं कसली, नुसता कापूस! पायाला पाच बोटं, कातडी काळीकुळकुळीत. "कोंबडी हाय का ससा?" म्हणून लोक हसले. मादीचं नाव अक्कांनी सावरी ठेवलं. ही सावरी एकदा खुडूक बसली की कुणाच्या बापाला उठायची नाही. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी अक्कांनी तिच्याखाली सहा अंडी ठेवली आणि मला बजावलं, "मालन, एकवीस दिवस. जपायचं."

आज बाविसावा. एकाही अंड्याला तडा नाही. अक्कांची शेवटची अंडी, तीही नासली. सावरी तर बसून बसून वाळलीय. मघाशी वैतागून मी तिला ओढून काढली, खुडूक मोडायला गार पाण्याच्या बादलीत दोनदा बुचकळली आणि डालग्याखाली कोंडली. भिजल्यावर ती एवढीशी काळी दिसली.

डोळा लागतोय. सावरीची कुरकुर लांब लांब जातेय.

"मालन."

चुलीच्या जागी लोखंडी खाट आहे. खाटेवर अक्का मांडी घालून बसल्यात. केस मोकळे, पांढरे, फुललेले, आणि त्यातून पाणी ठिबकतंय.

"अगं बाई!" माझी दातखीळ बसायची वेळ. "अक्का, तुम्हाला तर आम्ही पोचवून आलो."

"आलात की. बस."

खाटेशेजारी दवाखान्यातलं ते हलणारं स्टूल आहे. आठ दिवस बसले होते मी त्याच्यावर. बसते. पायाखाली फरशी नाही, खुराड्यातला भाताचा तूस आहे. खिडकीबाहेर एक नर्स दाणे टाकत चाललीय.

"गार पाण्यात बुडवलीस होय गं तिला?"

"खुडूक मोडायला, अक्का. सगळेच बुडवतात."

"मलापण शेवटचं न्हाऊ गारच घातलंत."

"नाही हो!" मी ओरडतेच. "कोमट होतं. मी हात घालून बघितलं होतं. देवाशपथ!"

अक्का हसतात. मग चादर गुडघ्यांवर ओढून घेतात, जपून, खाली काहीतरी असल्यासारखी.

"त्या दिवशी कुठं गेली होतीस?"

हे कुणालाच माहीत नाही. अक्कांची लेक सुषमा माझ्या गळ्यात पडून रडली, तेव्हा मी सांगितलं, तुझी आई माझ्या हातात हात देऊन गेली. तेराव्यापर्यंत आल्यागेल्याला तेच सांगितलं. सगळं खोटं. मी खाली टपरीवर होते. वर आले तर तोंडावरून चादर ओढलेली.

"चहा प्यायला," मी म्हणते. "दहा मिनिटं. फक्त दहा मिनिटं हो, अक्का."

"कसा होता?"

"काय?"

"चहा गं."

असलं काही विचारतील असं मला वाटलंच नव्हतं.

"गोडमिट्ट," म्हणते. आणि मला रडू फुटतं. "खारीपण खाल्ली मी. दोन खाल्ल्या. तुम्ही इकडं एकट्या, आणि मी मेली खारी बुडवत बसले होते."

"खुळी का काय तू? सावरी इतकी चिकट, तीसुद्धा दिवसातून एकदा उठतेच की. दाणा टिपते, पाणी पिते, परत येऊन बसते. तेवढ्यानं अंडी गार होतात होय?"

"पण मी आले तोवर तुम्ही..."

"आलीस ना परत? झालं तर."

आम्ही आता खुराड्यातच आहोत, वाकून, डोक्याला डोकं लागेल इतक्या जवळ. अक्का चादरीखाली हात घालतात.

"पौषातला गारठा. एखादा दिवस इकडंतिकडं व्हायचाच. तुझी आपली सदा घाई. पदर धर."

मी पदर पसरते. त्यांचा हात ओला, आणि इतका गार की मी दचकते. पण पदरात पडतं ते गरम आहे.

"आता ऊठ," अक्का म्हणतात.

मी ताडकन उठून बसते. भिंत, चूल, पालथी भांडी, सगळं जागच्या जागी. पदराला ओझं लागतं म्हणून खाली बघते, तर अंडं.

घमेलं दाराबाहेर आहे. मी तशीच कडी काढून बघते. पाच. मी स्वतः सहा ठेवली होती, दाराला कडी आतून माझ्याच हातानं घातलेली होती. मी उंबऱ्यावर मटकन बसते. तळहातावरच्या अंड्याला तीळभर भोक पडलंय, आणि भोकात एक काळी चोच हलतेय. कानाशी धरते. आत बारीक चिवचिव आहे. माझ्या तोंडून नुसतं "अक्का, अक्का" निघतं.

घमेल्यातली अजून कोमट आहेत, उन्हानं. सहाही खुराड्यात नेऊन ठेवते आणि डालगं उचलते. सावरी अजून ओलसर आहे. वाटलं, आता कसली बसतेय ही, एवढे हाल केल्यावर. ती पाणी पिते. चार दाणे टिपते. मग माझ्याकडं न बघता सरळ आत जाते आणि चोचीनं एकेक अंडं पोटाखाली ओढून घेते.

मी तिथंच तुसात बसून सुषमाला फोन लावते.

"काकी? काय झालं गं? रडतेयस का?"

"सुषमा," मी म्हणते, "तुझी आई गेली ना, तेव्हा मी चहा पीत होते."