साखळीतली हिरवळ

सोसायटीच्या हिरवळीभोवती साखळी आहे. आज सकाळी शेजारचे गोखलेकाका चपला हातात धरून त्या साखळीपाशी उभे दिसले. डॉक्टरांनी त्यांना अनवाणी गवतावर चालायला सांगितलंय.

"सेक्रेटरीसाहेब, पाच मिनिटं फिरलो तर चालेल ना?"

मी पाटीकडे बोट दाखवलं. 'हिरवळीवर चालू नये.' पोरं खेळून गवताची वाट लावतात म्हणून वार्षिक सभेत हा ठराव काकांनीच मांडला होता. बाकीच्यांचं लक्ष समोशांकडे होतं, पण हात सगळ्यांचे वर गेले.

"अहो, ते मुलांसाठी होतं," काका म्हणाले.

मला हसू नाही आलं, चीड आली. सगळ्यांची जागा कुणालाच आपली वाटत नाही, आणि एखाद्याला वाटू लागली की तो आधी दुसऱ्यांना बाहेर काढतो. आम्ही मेन्टेनन्स भरतो, माळी ठेवतो, आणि एवढं जपलेलं गवत गॅलरीतून बघत बसतो.

काकांनी चपला पायात घातल्या आणि ते सिमेंटवरून परत गेले. हिरवळीवर दोन साळुंक्या निवांत फिरत होत्या. त्या सभासद नाहीत.