सान रोकेची केप

नेनिता गेल्याचा फोन आला तेव्हा मी दोह्याच्या सूकमधल्या, म्हणजे जुन्या बाजारातल्या, एका कापडवाल्याशी गणवेशाच्या कापडावरून हुज्जत घालत होते. फोन जॉयचा होता. जॉय आणि नेनिता एका खोलीत राहायच्या. "मॅडम, नेनिता सकाळी उठलीच नाही..." एवढंच ती बोलू शकली. येते मी, असं म्हणून मी फोन पर्समध्ये टाकला, कापडवाल्याकडे वळले आणि राहिलेला भाव पुरा केला. मीटरमागे अर्धा रियाल उतरवूनच बाहेर पडले. गाडीत बसल्यावर मात्र गाडी सुरू करायची असते हे बराच वेळ सुचलं नाही. जूनचं ऊन, काचा बंद, आत नुसती भट्टी. एका हमालाने काच ठोठावली तेव्हा भानावर आले. सोळा वर्षं शेजारी बसून काम केलेल्या बाईच्या मरणाची बातमी मी अशी ऐकली. ते लपवून तिच्याबद्दल गोड गोड लिहिणं मला जमणार नाही. शिवाय माझा तिच्यावर राग होता, आणि तिच्या जाण्याने तो गेलेला नाही. उलट तो आता कुठे नेऊन ठेवायचा हेच कळत नाही.

मी इचलकरंजीची. वडील यंत्रमागाच्या कारखान्यात माग दुरुस्त करणारे जॉबर होते, त्यामुळे कापड हाताला कळतं. लग्न होऊन दोह्याला आले. नवरा वेस्ट बेमधल्या एका कंपनीत इंजिनीअर. फरीज बिन ओमरान या वस्तीतल्या दोन खोल्यांत बसून ओळखीच्या बायकांच्या साड्यांना फॉल-बिडिंग करण्यापासून मी सुरुवात केली आणि पुढे त्याच इमारतीखाली गाळा घेतला. जे मिळवलं ते भांडून मिळवलं. नेनिता दारावरची 'कारागीर पाहिजे' ही चिठ्ठी वाचून आत आली. चाळिशीची, ठेंगणी, केसांना साधा काळा चाप. मी तिला एका ब्लाउजची बाही बसवायला दिली. तिने ती अशी बसवली की चूण शोधून सापडेना. मी पगाराचा आकडा सांगितला, मुद्दाम कमी, चढवायला जागा ठेवून. ती म्हणाली, "ओके, मॅडम." मला तिथेच चीड आली. पहिल्या आकड्याला कुणी हो म्हणतं? महिन्याभरात मीच तो वाढवला, कारण मला चैन पडेना.

तिच्या बोलण्यात संत फार यायचे. फिलिपिन्समध्ये प्रत्येक गावाचा एक संत असतो आणि त्याच्या दिवशी गावची जत्रा भरते, तिला ते फियेस्टा म्हणतात. आमच्या दुकानात तिकडच्या नर्सा यायच्या, हॉटेलांत काम करणाऱ्या मुली यायच्या. नेनिता त्यांना गाव विचारत नसे, "तुमचा फियेस्टा कधी?" असं विचारायची आणि तारीख ऐकली की संत सांगायची. पंधरा मे म्हणजे शेतकऱ्यांचा सान इसिद्रो, त्याच्या काही गावांत घरांच्या दर्शनी भिंतींवर भाताच्या लोंब्या, भोपळे आणि केळीचे घड टांगतात. ऑगस्टच्या अकराला सांता क्लारा, तिला अंडी वाहिली की लग्नाच्या दिवशी पाऊस पडत नाही. मी म्हणायची, आमच्याकडे पाऊस पडावा म्हणून देवाला साकडं घालतात आणि तुम्ही पडू नये म्हणून लाच देता! ती हसून म्हणायची, "मॅडम, तुमच्याकडचा पाऊस आमच्याकडे येतो, म्हणून." फियेस्टाच्या दिवशी घराचं दार उघडं ठेवायचं आणि ओळख असो वा नसो, आत येईल त्याला जेवायला बसवायचं, हा तिकडचा नियम. दोह्यात संताची तारीख काहीही असली तरी फियेस्टा शुक्रवारी, कारण सुट्टी शुक्रवारी. ती सुट्टीहून परतली की तिच्या गावची वीस-बावीस माणसं एका फ्लॅटमध्ये जमायची, शेवयांसारख्या नूडल्सचं मोठं पातेलं मधे ठेवलेलं असायचं. मी दर वर्षी जायची.

तिचं गाव सान रोकेचं. तारीख सोळा ऑगस्ट, म्हणजे ऐन माझ्या गणवेशांच्या हंगामात. ती गावी जायला रजा मागायला आली की माझा आवाज चढायचा. "तुझ्या संताला दुसरा महिना मिळाला नाही का?" "त्याला विचारते, मॅडम." आणि जायची ती जायचीच. हा सान रोके प्लेगच्या रोग्यांची सेवा करत हिंडायचा. मग त्यालाच प्लेग झाला, तो रानात जाऊन पडला, आणि एक कुत्रा रोज तोंडात पाव धरून त्याच्याकडे यायचा. म्हणून मूर्तीच्या पायाशी कुत्रा असतो. चार फुटांची ती लाकडी मूर्ती वर्षभर नेनिताच्या घराण्याकडेच असायची, माडीवरच्या खोलीत. आजीपासून त्या घरातल्या बायका त्याच्या कामारेरा, म्हणजे त्याचे कपडे सांभाळणाऱ्या, त्याला सजवणाऱ्या. दर वर्षी नऊ दिवसांच्या प्रार्थनेआधी त्याला नवी केप, म्हणजे खांद्यांवरून पाठीवर सोडायचं वस्त्र, लागायची. गावी मोठी बहीण मरिसेल ती त्याच्या खांद्यावर चढवायची, पण शिवली जायची इथे, माझ्या दुकानात. नऊ दिवस, देवाचं वस्त्र, ते चढवण्याचा मान एका घराकडे... मला यातलं काहीच समजावून सांगावं लागलं नाही. दिवसाचं काम आटोपलं की नेनिता खिडकीशी लाकडी चौकट मांडायची, उरलेल्या मखमलीचा तुकडा आधी विचारून घ्यायची आणि त्यावर जरीने शिंपले भरायची. यात्रेकरूची खूण म्हणून सान रोकेच्या खांद्यावर शिंपले असतात. मी चहा घेऊन तिच्याशेजारी बसायची. दिवसातला तेवढा एकच तास मी कुणाशी भांडत नसे.

ही गोष्ट सहा वर्षांपूर्वीची. जुलै संपत आला होता. शुक्रवारी दुपारी मी दुकान उघडलं, नेनिता अजून चर्चमधून यायची होती. एक बाई ड्रायव्हरला बाहेर थांबवून आत आली. घरात लग्न होतं आणि नवरीपुढे चालणाऱ्या भाचीसाठी तिला काहीतरी हवं होतं. मी दाखवलेलं तिला काही पसंत पडेना. मग तिची नजर चौकटीवरून काढून टांगलेल्या केपवर गेली. गर्द लाल मखमल, काठाने चौदा सोनेरी शिंपले. मी म्हटलं, ही विकायची नाही. ती हसली. असं म्हणणारे दुकानदार तिने पुष्कळ पाहिले असणार. तिने पुन्हा विचारलं, पुन्हा मी नाही म्हटलं. तिसऱ्यांदा मी अशी किंमत सांगितली की तिने उठून निघून जावं. तिने पर्स उघडली आणि म्हणाली, "खलास." म्हणजे सौदा पक्का.

सांगितलेल्या भावावरून मी आयुष्यात मागे फिरलेले नाही. तोंडातून आकडा गेला की गेला, याच एका गोष्टीवर माझं दुकान उभं आहे. मी माझ्या हातांनी ती केप पातळ कागदात गुंडाळून दिली. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला सौदा जिंकल्यासारखं वाटत होतं. अर्ध्या तासाने नेनिता आली आणि रिकाम्या खुंटीकडे पाहत राहिली.

"कुठे गेली, मॅडम?"

"विकली."

"कोणाला?"

"एका मुलीसाठी नेली. तिच्या मावशीने."

"किती वर्षांची मुलगी?"

"सात-आठ."

तिने टेबलावरची टेप उचलून गुंडाळली. मग म्हणाली, "मापात बसेल."

त्यानंतर मीच बोलत सुटले. कापड माझं, जरी माझी. पैशाचं पाकीट पुढे केलं, तिने ते तिथेच राहू दिलं. शेवटी मी म्हटलं, आमच्याकडे देवीला आलेल्या साड्या देवळातच विकतात, बायका हौसेने नेसतात, त्यात एवढं काय? नेनिताने सुयांची डबी बंद केली आणि विचारलं, "पण आधी देवी नेसते ना, मॅडम?"

मी पैशाचं पाकीट उचलून गल्ल्यात टाकलं.

त्या वर्षी सान रोके आदल्या वर्षीच्या केपमध्ये निघाला. नेनिता रजेवरून परत आली ती वाळवलेल्या आंब्याची पाकिटं घेऊन, नेहमीसारखी हसत. पण चौकट तिने आपल्या खोलीवर नेली आणि माझ्या दुकानात सान रोकेसाठी पुन्हा एक टाका घातला नाही. माझा खिडकीजवळचा तास संपला. शुक्रवारच्या जेवणाला ती बोलवायची, मी जायची, पहिलं ताट मलाच मिळायचं. मग तक्रार काय, असं कुणी विचारेल. तक्रार हीच. मी वाट पाहत होते की ही एकदा तरी कात्री आपटेल, मॅडम तुम्ही चोर आहात म्हणेल. मग मीही ओरडले असते, दोघी रडलो असतो आणि प्रकरण मिटलं असतं. भांडण मिटवता मला येतं. जे सुरूच झालं नाही ते कसं मिटवायचं? माझी मुलगी म्हणायची, "आई, जस्ट से सॉरी ना." अगं, म्हटलं होतं. एकदा नाही, चारदा. दर वेळी उत्तर एकच, "इट्स ओके, मॅडम," पगाराचा आकडा ऐकून म्हणाली होती त्याच आवाजात.

पुढच्या वर्षी कोरोना आला. दुकान बंद, रस्ते ओस. रोगांच्या साथीपासून वाचवणारा संत, आणि मी त्याचं वस्त्र विकलेलं... महिनाभर हे डोक्यात घोळल्यावर मी फोनवर तिला बोलून दाखवलं. तिने आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, ताप सगळ्या जगाला आलाय. तुमचं दुकान एवढं मोठं नाही." त्या दिवसानंतर, 'इट्स ओके' सोडलं तर, या विषयावर ती माझ्याशी बोलली ती ही एवढीच.

यंदा जूनमध्ये झोपेत नेनिताच्या मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टरांनी सांगितलं. कागदपत्रं झाली, शवपेटी विमानाने गावी गेली. त्यानंतर आठवड्याने जॉय दुकानात आली, उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली यंदाची केप घेऊन. निळी मखमल, अकरा शिंपले भरलेले, उरलेल्या तिघांच्या नुसत्या खडूच्या रेघा. "मरिसेलला तुमच्याशी बोलायचंय," म्हणत तिने तिथेच व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर पांढऱ्या केसांची, नेनितापेक्षा रुंद चेहऱ्याची बाई आली. मागे कोंबडा आरवत होता. म्हणाली, "तुम्ही त्याच मॅडम ना, ज्यांनी गरीब मुलीला केप देऊन टाकली? नऊही दिवस आम्ही तुमच्या नावाने मेणबत्ती लावतो."

हळूहळू उलगडा झाला. नेनिताने घरी सांगितलं होतं की दुकानात एक गरीब मुलगी आली, तिला केप फार आवडली आणि मॅडमना राहवलं नाही. गावाला ते पटलं होतं, सान रोकेनेही म्हणे आपलं सगळं वाटून टाकलं होतं. ऐकून माझं डोकं सणकलं. मी इथे सहा वर्षं अपराध्यासारखी वावरत होते आणि ही बाई तिकडे माझं प्रकरण परस्पर मिटवून मोकळी झाली होती, मला न विचारता! गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. नेनिताने झाकलेलं आपण का उघडं करावं, हाही विचार आला. पण ती मेणबत्तीवाली दयाळू मॅडम मला सहन होईना. मी म्हटलं, "मुलगी गरीब नव्हती. मी केप विकली. भरपूर पैसे घेऊन विकली."

मरिसेलने फोन चेहऱ्याजवळ आणला. आणि मग सुटली. अर्धं इंग्रजीत, अर्धं तिच्या भाषेत. त्या वर्षी जुन्या केपचं अस्तर उसवून तिने पुन्हा कसं शिवलं, शेजारच्या गावची माणसं कशी हसली, आईने मिरवणुकीत मान कशी वर केली नाही. "आणि मी तुझ्यासाठी मेणबत्त्या लावल्या! सहा वर्षं! परत दे माझ्या मेणबत्त्या!" आता माझाही तोल गेला. "मग तुझ्या बहिणीला तोंड नव्हतं का? एकदा तरी बोलायचं होतं मला!"

"तुझ्या तोंडी कोण लागणार!" मरिसेल ओरडली.

जॉय फोन धरून उभी होती, तिला हसू आवरेना आणि रडूही. मग आम्ही दोघीही रडत होतो. मरिसेलने खांद्यावर पदरासारख्या घेतलेल्या टॉवेलने नाक पुसलं आणि विचारलं, "किती शिंपले राहिलेत?"

"तीन."

"तू भर. आणि विकू नकोस."

मला भरतकाम येत नाही, माझा हात मशीनचा. एकेका शिंपल्याला चार-चार दिवस लागले. कसं करायचं हे बघायला मी केप उलटी केली, तर नेनिताच्या अकरा शिंपल्यांखाली एकही गाठ नाही. दोऱ्याचं टोक तिने दर वेळी आतल्या आत नेऊन जिरवलेलं. शेजारी बसून इतके चहा प्यायले, पण ही तिची सवय मला कधी दिसली नव्हती. तसं करायला गेले तर माझा दोरा निसटायचा, म्हणून गाठ मारत गेले. माझे तीन शिंपले मागून गाठींनी भरलेत, आणि पुढून त्यातला एक चक्क कानासारखा दिसतो. उसवायची ताकद आता राहिली नव्हती. काल दोन्ही बाजूंचे फोटो मरिसेलला पाठवले. मिनिटभरात तिचा व्हॉइस मेसेज आला, "पुढून कुरूप आहे. मागून त्याहून. लवकर पाठव."