गाठीच्या खालचा फुटवा

गेल्या आठवड्यात हडपसरच्या नर्सरीतून दोन गुलाब आणले. त्यांच्यासाठी भिजत घातलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीचा आंबूस वास आज बाल्कनीभर पसरला आणि माझं डोकं फिरलं. वासामुळे नाही, बाबांमुळे.

मी सातवीत होते. आईनं पहिल्यांदाच स्वतःच्या हौसेसाठी काहीतरी आणलं होतं. केशरी गुलाबाची एक कुंडी, बसमधून मांडीवर धरून, बिबवेवाडीच्या आमच्या घरी. तिनं मला खोडावरची गाठ दाखवली. "इथं जंगली खोडावर गुलाबाचा डोळा भरून कलम केलंय. गाठीच्या वर येईल तो गुलाब, खालून फुटेल तो जंगली. तो दिसला की लगेच काढायचा."

महिन्याभरात खालून एक फुटवा तरारून वर आला. आई ऑफिसात होती. बाबांनी वरची बारकी फांदी गाठीसकट छाटली आणि जोमदार दिसतो म्हणून जंगली ठेवला.

संध्याकाळी आई चपलाही न काढता कुंडीपाशी बसली. "अहो, गुलाब तो होता."

"मग हे काय आहे, गवत? मला शिकवू नकोस."

पुढे दोन वर्षं त्या काटेरी झुडपाला एक फूल आलं नाही. येईल त्या पाहुण्याला बाबा हसत सांगायचे, "हिनं पारखून आणलंय हो!" आई चहाचे कप उचलायची.

सगळ्यांना मी हे इतकंच सांगते. बाबांनी कात्री मागितली तेव्हा ती मीच आणून दिली आणि कुठं कापायचं ते मला ठाऊक होतं, हे कुणालाच सांगत नाही.