नानांना न मिळालेला मुरंबा

ये, अशी जवळ बस. शिरवळच्या कंपनीत लागल्यापासून तुझा पाय कडेगावला लागत नाही. सणाला नाही, सुट्टीला नाही. आज आलीस ती उंबऱ्यातूनच म्हणतेस, "आजी, आक्काच्या मुरंब्याची एक बरणी द्या, आजोबांना खावासा वाटतोय." आधी चहा घे. बरणी मिळणार नाही. का मिळणार नाही, ते तुझे आजोबा तुला सांगायचे नाहीत, म्हणून मी सांगते.

आक्का म्हणजे तुझ्या आजोबांची थोरली भावजय आणि माझी शेजारीण. चाळिशीतच काचबिंदूने तिचे डोळे गेले, त्यानंतर नवरा गेला. पण सफरचंद पिकलं की नाही हे तिच्याइतकं कुणालाच कळायचं नाही. फळाखाली तळहात धरायची, अलगद वर उचलायची आणि अर्धा पीळ द्यायची. "हातात आलं तर आपलं, न्हाई तर झाडाचं," म्हणायची आणि न आलेलं सोडून पुढे जायची.

सगळं गाव उसात, आणि हिने पाठीमागच्या खडकाळ तुकड्यात जावयाकडून सफरचंदाची तीस रोपं मागवून लावली. लोक हसले. तिने झाडाझाडाला सुतळी बांधून घेतली, प्रत्येक झाडापाशी गाठी. चार गाठी हाताला लागल्या की चौथं झाड. गाठी चाचपत ती एकटी हिंडायची, मी मागे टोपली घेऊन.

मुरंबा तर कानाने करायची. पाक उकळायला लागला की म्हणायची, "गप बस, त्याला बोलू दे." बुडबुड्यांचा आवाज जड झाला की दोन बोटांत थेंब धरून तार बघायची. माझी जीभ चुलीपाशी काही थांबायची नाही, त्यामुळे दोनदा पाक पुढे गेला. दोन्ही वेळा तिने मला सगळ्यांसमोर झापलं.

नानांचा, म्हणजे तुझ्या आजोबांचा, डोळा त्या तुकड्यावर होता. आक्का सांगलीला लेकीकडे गेली की रान आपल्याकडे, असा त्यांचा हिशेब. एका मे महिन्यात आक्का आठ दिवस लेकीकडे राहून आली, सुतळी धरून रानात शिरली, आणि झाडांवर एक फळ नाही. अजून महिना होता पिकायला. जिथून फळ धरतं ते आखूड खुंटही उपटून आलेले. तिथं पुढची काही वर्षं फळ येत नाही.

नाना बांधावरूनच म्हणाले, "वानरं आली आसतील, वैनी. तुमाला दिसत न्हाई, राखण कोण करणार? जावा आता लेकीकडं, रान म्या बघतो."

आक्काने एकेका फांदीवरून बोट फिरवलं. मला हळूच म्हणाली, "वानर चावतं आन टाकतं. हितं खाली एक बी उष्टं न्हाई. हे माणसानं खाली वढलंय."

बेंदराच्या सणाला नानांकडे जेवायला गेलो. पोळी मोडता मोडता आक्का थांबली. कोपऱ्यातल्या गव्हाच्या पिंपातून पिकल्या सफरचंदाचा वास येत होता. मला वाटलं, आता ही ताट लोटणार. ती गुमान जेवली. बाहेर आल्यावर म्हणाली, "आता बोलले तर निसतं भांडान हुईल. मला भांडान नको, बदला पायजे."

वर्षभर तिने तोंड उघडलं नाही. पुढच्या जूनला राहिलेल्या खुंटांवर थोडी फळं आली. तेव्हा नाना आक्काच्या लेकीला आणि गावातल्या चार जाणत्यांना घेऊन आले. आंधळ्या बाईने रान सोडावं, हे सगळ्यांसमोर ठरवायला.

"सोडते की," आक्का म्हणाली. "पर आदी तुमी डोळं बांधा, भाऊजी. दोघं बी तोडू. तुमाला जमलं तर रान तुमचं."

चार माणसांत नाना नाही कसे म्हणणार? तिने त्यांच्याच उपरण्याने त्यांचे डोळे करकचून बांधले. नानांनी सात फळं ओढली. सहा हिरवी, सातही खुंटासकट. आक्काने दहा तोडली, खुंट एकही हलला नाही. मग तिने नानांचा हात धरून फांदीवरच्या ताज्या जखमेवर ठेवला, नंतर शेजारच्या गेल्या वर्षीच्या जखमेवर. "दोनी एकाच वाटंनं फाटल्यात बगा, भाऊजी. तुमचं वानर डोळं बांधून बी तसंच वढतंय."

कुणी हसलं नाही. लेक उठली आणि आईजवळ जाऊन बसली. नाना उपरणं तसंच टाकून निघून गेले.

त्या वर्षापासून आळीतल्या प्रत्येक घराला मुरंब्याची बरणी गेली, नानांचं दार सोडून. कुणी विचारलं तर आक्का म्हणायची, "त्यांनी आपला वाटा झाडावरनंच नेला." दर वर्षी तेच, आणि तितक्याच आनंदाने. मी एकदा म्हटलं, आता पुरे कर. तर म्हणाली, "त्या खुंटांना फुटवा आलाय का? न्हाई ना? मग."

गेल्या माघात सांगलीच्या दवाखान्यात शेवटचं बोलली तेही हेच. "बरण्या वाट. पर त्या दाराला न्हाई. मी मेले म्हंजे माफ केलं, आसं कुणी म्हणू नये." मी हो म्हटलं. माझा स्वभाव विसरभोळा, भांडण सकाळचं संध्याकाळी आठवत नाही. पण तिचा राग मी जपलाय.

तेव्हा आजोबांना सांग, मुरंबा संपलेला नाही. फडताळात पाच बरण्या आहेत. तू काही तोडलं नाहीस, तुझ्यावर राग नाही. घरी न्यायचा नाही, इथं बसून वाटीभर खा, दोन वाट्या खा. आणि परत वर्षभर तोंड लपवू नकोस. फळं पाडाला लागलीत, पुढच्या रविवारीच ये.